करडाच्या नाकातली फुंकर

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू विचारलंस, बाळंतपणाला तुमच्याकडे येऊ का, आणि मी मागचापुढचा विचार न करता मुळीच येऊ नकोस म्हणून बसले. तू नुसतं बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुझं ते ‘बरं’ मी तू तिसरीत होतीस तेव्हापासून ओळखते. त्यानंतर दोन दिवस तू जेवत नसायचीस. समोर माणूस दिसलं नाही की माझी जीभ घाईला येते, फोनवर मला धड बोलता येत नाही. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. शेवटपर्यंत वाच, मध्येच रुसून बाजूला ठेवू नकोस.

आधी बातमी. माझ्या हृदयात नवी झडप बसवली आहे. घाबरू नकोस, बसवून चार महिने झाले आणि काल मी नळावरून भरली बादली एका दमात घरात आणली. शांत खोलीत ती झडप टिकटिक वाजते. तुझे बाबा म्हणतात, घरात आता दोन घड्याळं झाली, एकाला किल्ली द्यावी लागते आणि दुसऱ्याला आवरावं लागतं. झडप बसवली तेव्हा तुला नुकतेच दिवस राहिले होते, इतक्या वर्षांनी राहिले होते, आणि तुझ्या डॉक्टरांनी तुला पडून राहायला सांगितलं होतं. मी बाबांना बजावलं, पोरीच्या कानावर यातलं अक्षरही जाता कामा नये. ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही तो चार महिने तोंडाला कुलूप लावून बसला. त्यांना रागावू नकोस.

झालं असं की मागच्या वर्षी शेळ्यांची वेतं उरकली आणि मला ताप यायला लागला. यायचा, जायचा, पुन्हा यायचा. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की चार दिवस बरं, मग परत येरे माझ्या मागल्या. हातातली अंगठी पीठ मळताना गळून पडायला लागली. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. म्हणाल्या, तुमची एक झडप जन्मापासूनच अधू आहे आणि आता तिच्यावर कसले तरी जंतू येऊन बसलेत. म्हणजे इतकी वर्षं मी मोडक्या बिजागरीच्या दारावर संसार केला म्हणायचा. त्यांनी बाटल्या भरभरून रक्त नेलं, त्यात जंतू वाढतील म्हणून. काहीच वाढेना. चोर घरात आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण तो कोण ते कळत नव्हतं, आणि तोवर झडप कुरतडली जात होती. खाटेपासून न्हाणीपर्यंत जाताना मला धाप लागायची. एका दुपारी मी भिंतीकडे तोंड करून खूप रडले. मरणाचं भय नव्हतं ग, तुझं बाळ बघायला मिळणार नाही याचं फार वाईट वाटत होतं.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या सकाळ-संध्याकाळ आपल्या हुशार विद्यार्थ्यांचे गोडवे गायच्या. मी तरी का मागे राहू? एके दिवशी धाप लागत असताना उठून बसले आणि त्यांना सांगितलं की मी तर मेलेली पोरं उठवलीत. करडू बाहेर आलं आणि श्वास घेईना, तर त्याचं नाक तोंडात धरायचं, आतला चिकटा ओढून थुंकायचा आणि हळूच फुंकर मारायची. उशी हातात घेऊन करूनही दाखवलं. मागच्या वर्षी चार शेळ्या गाभडल्या, तरी अपुऱ्या दिवसांची दोन करडं मी याच फुंकरीनं जगवली, हेही वर ठणकावून सांगितलं. दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्या माझ्या खाटेवरच येऊन बसल्या आणि म्हणाल्या, हे सगळं मला पहिल्यापासून सांगा.

आता त्यांनी आधी विचारलं नव्हतं असं नाही. घरी जनावर आजारी आहे का, असं विचारलं होतं, आणि बाबांनी नाही म्हणून छातीठोक सांगितलं होतं. खरंच होतं ते. शेळ्या खात होत्या, बागडत होत्या, बाबांच्या टोपीचा काठ कुरतडत होत्या. गाभडणं म्हणजे आम्हाला एखादं वर्ष वाईट जाणं, त्याला आजार कोण म्हणतो? त्याच दिवशी माझं रक्त वेगळ्या तपासणीला गेलं आणि चोर सापडला. क्यू फीवर म्हणतात त्याला. जंतू शेळीच्या वारेत आणि विण्याच्या पाण्यात असतो, वाळला की धुळीबरोबर उडतो, आणि साध्या बाटलीत वाढतच नाही. मी तर त्याला दरवर्षी तोंडानं ओढून घेत होते! मग नेमक्या गोळ्या सुरू झाल्या, मग ऑपरेशन झालं, आणि मी उठले. गोळ्या अजून वर्षभर तरी आहेत, त्या मी देवाच्या नैवेद्यासारख्या वेळेवर घेते. तू लहानपणापासून म्हणायचीस ना, आई, किती फुशारक्या मारतेस? मारते. मारल्या म्हणून जिवंत आहे.

बाबांचं रक्तही तपासलं, ते ठणठणीत आहेत. यंदा विण्याच्या जागेत मला बंदी आहे, तेव्हा मी लांब ओसरीवरून ओरडते आणि ते हातमोजे, तोंडाला पट्टी अशा थाटात आत असतात. वार ते खोल पुरतात, दूध उकळल्याशिवाय कुणाच्या ओठाला लागत नाही. गेल्या आठवड्यात लांबकानीचं करडू निपचित आलं. मी इथून हातवारे करतेय आणि ते तिथे रबरी पिचकारीनं त्याचं नाक साफ करतायत, गवतानं खसाखसा चोळतायत. करडू शिंकलं. रक्त बघून घेरी येणारा तुझा बाप ते करडू उंच धरून नाचला आणि मी ओसरीवर टाळ्या पिटल्या. पट्टी घालून सगळं जमतं, फुंकरीवाचून काही अडत नाही.

हा जंतू पोटुशी बाईला आणि पोटातल्या जिवाला फार वाईट, असं डॉक्टरीणबाईंनी मला निक्षून सांगितलंय. इथे अजून शेळ्या वितायत, धूळ उडतेय. म्हणून तू या घराच्या आसपाससुद्धा नको. पण तू फोन ठेवलास आणि माझं पुढचं वाक्य माझ्याच तोंडात राहिलं. मीच येतेय. दवाखान्यातले दिवस सोडले तर पंचवीस वर्षांत शेळ्या सोडून एक रात्र बाहेर राहिले नाही, तुझ्या लग्नातून मी धारा काढायला पळाले होते. या वेळी धारा बाबा काढतील. मी डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारलं, माझ्यापासून पोरीला काही होईल का. त्या म्हणाल्या, खुशाल जा, फक्त गोठ्यातली धूळ बरोबर नेऊ नका. तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत सगळं नवं घेतलंय, चपलासुद्धा, आणि तिकीट उशाशी आहे. येत्या शनिवारी जावईबापूंना स्टेशनवर पाठव. तिथल्या नर्सबाईंना आत्ताच सांगून ठेव, बाळाला आईनंतर पहिल्यांदा आजी घेणार आहे, मध्ये कुणी हात घालायचा नाही.

तुझीच,
धडधाकट आई