उंबराची साल

सात रस्ता, सोलापूर

प्रिय आत्या,

त्या भांडणानंतर तीन आठवडे फोन केला नाही, म्हणून रुसली असशील. रूस. मला तर सध्या उंबराचं नावही ऐकवत नाही.

तू वेळापूरहून एसटीच्या कंडक्टरकडे दिलेली साल मी कुटली, अर्क काढला आणि पहिल्याच खेपेला जखमा चिघळवणारे तीन जंतू जागच्या जागी थांबले. शेळ्यांच्या जखमा तू याच सालीच्या काढ्यानं धुतेस, तेच आता माझ्या पीएचडीत येणार होतं. गाईड सरांनी पेढे वाटले. नंतर इथल्याच एका उंबराची साल आणून तपासली, तर जंतू मजेत! दीड वर्ष डोकं फोडलं मी. अर्क काढायचं मेथॅनॉल बदललं, यंत्र बदललं. शेवटी तुझ्या सालीच्या अर्कातली द्रव्यं वेगळी करताना पट्टीवर एक पिवळा ठिपका उमटला. तो हळदीचा होता.

फोनवर मी तुला वाट्टेल ते बोलले. तू शांतपणे म्हणालीस, "अगं, झाडाला इचारल्याबिगर, भंडारा टाकल्याबिगर साल काडत्यात व्हय?"

बिरोबाचा भंडारा म्हणजे हळदच की. लहानपणी तुझ्याबरोबर मीही मूठमूठ उधळलाय. साल आधी धुवून घ्यायची, हा साधा नियम मीच पाळला नाही. ती पिवळी भुकटी सालीचीच, असं धरून चालले. धनगराच्या पोरीला भंडारा ओळखू आला नाही, कुणाला सांगायचं हे? नुसत्या सालीत टॅनिन भरपूर आहे, थोडाफार गुणही आहे, पण थोडाफारवर पदवी मिळत नाही. सगळं पुन्हा करायचं, आणि फेलोशिप डिसेंबरात संपतेय. नुसता संताप होतो.

पण पत्र त्यासाठी नाही. सोमवारी समितीनं विचारलं, नमुना खराब कसा झाला? माझ्या तोंडून गेलं, साल देणारी बाई अडाणी होती. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला सहा महिन्यांची मुदत मिळाली. ती बाई माझी आत्या आहे, मला पहिलं अक्षर तिनंच गिरवायला शिकवलं, हे मी बोलले नाही. फोनवर तुला हे सांगायची हिंमत झाली नाही. उद्या समितीला लिहून देतेय, की साल माझ्या आत्याची, चिमाबाईंची, चूक माझी. मुदत जाईल बहुतेक. जाऊ दे. तू मात्र हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नकोस. स्वतःच वाच.

तुझीच,
ऋतुजा