डावीकडची काजं

प्रिय नूतन,

प्रदर्शनाच्या फलकाचा फोटो मिळाला. इथे फुलचूरच्या आपल्या शिवणाच्या शेडमध्ये सगळ्या जणींना मोठ्यानं वाचून दाखवला. 'पुरुषी शर्टासारखी डावीकडे काजं असलेला बाईचा कुर्ता, हे संस्थापिकेनं विचारपूर्वक केलेलं बंड.' मला इतकं हसू आलं की समीक्षानं पाणी आणून दिलं. मुंबईच्या संग्रहालयात आपल्या ब्रँडची वीस वर्षं मांडणार, आणि सुरुवातच बंडानं! बाई गं, त्या बंडाच्या दिवशी तू माझ्या दारात बसून रडत होतीस.

आठवतं ना? तुझ्या नागपूरच्या कॉलेजच्या मेळ्यासाठी बारा कुर्ते हवे होते. बाबांच्या फुलचूरजवळच्या गोरेगावच्या दुकानात जन्मभर पुरुषांचेच शर्ट शिवले गेले, आणि मी तेच बघून शिकलेली. हात सवयीनं गेला, बाराच्या बारा कुर्त्यांना काजं डावीकडे. "काऊन व प्रेमिला, हे काय करून ठेवलं तू?" म्हणून तू डोकं धरलंस. उसवायला वेळ नव्हता. अकरा कुर्ते विकले गेले, वर कुणीतरी वाहवा केली, आणि माझी चूक तुझी ओळख झाली. बारावा माझ्याच ट्रंकेत राहिला.

तेव्हापासून मी तीच चूक शिवते आहे. आता तीस जणी शिवतात. समीक्षा नवीन आहे. मागच्या महिन्यात तिनं एका कुर्त्याला काजं उजवीकडे केली, म्हणजे बाईच्या कपड्याला असतात तशी, बरोबर. मी तिला सगळं उसवायला लावलं. पोरगी मान खाली घालून उसवत होती आणि मला माझाच संताप येत होता.

आता तुझं म्हणणं, बारावा कुर्ता काचेत ठेवायला पाठव, पण गळ्यातली 'शालीकराम टेलर्स, गोरेगाव' ही पट्टी काढून. आणि कॅमेऱ्यापुढे सांग की नूतननं कागदावर काढून दिलं, मी तसं शिवलं. नाही म्हटलं तर शेडचं काय करायचं ते बघावं लागेल, हेही तू सहज बोललीस, चहा घेणार का विचारावं तसं. नूतन, माझी कोंडी झाली गं. शिवणाऱ्या कलाबाईचं घर, समीक्षाचं कॉलेज, सगळं या शेडवर चाललंय. आणि इकडे बाबा. त्यांना आता धड दिसत नाही, पण बाजाराच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात, "माह्या दुकानाची पट्टी मुंबईले जाऊन राहिली." त्यांना काय सांगू, तूच सांग.

तर ऐक. काल मी कॅमेऱ्यापुढे तू म्हणालीस तस्संच बोलले. एकदाही अडखळले नाही. मग घरी येऊन कुर्ता काढून बसले. पट्टीला फक्त चार टाके आहेत, बाबांनी हातानं घातलेले. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक कपड्याला ते स्वतःच घालायचे. दोनदा ब्लेड लावलं, हात पुढे गेला नाही. तीस जणींसाठी मला खोटं बोलता आलं, उसवता मात्र आलं नाही. म्हणून कुर्ता आहे तसाच या पार्सलमध्ये घातलाय, सोबत ब्लेडही. तेवढं तुझ्या हातानं कर. कात्री लावू नकोस, कापड जुनं झालंय, फाटेल.

तुझीच,
प्रेमिला