माछेर्मोचा मुक्काम

दाजू,

ट्रेकचा खर्च तू वहीत मांडलायस, तो वाचला. पाहुण्यांना स्वस्त पडावं म्हणून चौदाचे तेरा दिवस केलेस, आणि खोडलास कुठला, तर उंचीची सवय व्हायला ठेवलेला माछेर्मोचा विश्रांतीचा! डोकं ठिकाणावर आहे ना? मागच्या वर्षी हेच केलंस. मग एका पाहुण्याला उंची बाधली आणि त्याला पाठुंगळी घेऊन तूच खाली आणलंस. तेव्हा धरलेल्या पाठीमुळे अजून तुला वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही. आईपासून लपव, माझ्यापासून नको.

दुसरा हमाल तुला अजून मिळालेला नाही. मी येते. माझी मजुरी धरू नकोस, तेवढ्यात तो दिवस बसतो. वहीत मी पेनानं चौदा दिवस लिहिलंय, खोडता येणार नाही. पाहुण्यांना भाव तोच सांग.

"त्यापेक्षा शाळेत जा" हे आता पुरे. पाठीवर डोकोची टोपली घेऊन मी लुक्लाला पुढे निघालेय. सकाळच्या विमानानं पाहुणे उतरतील, सामान मी बांधून ठेवते. तू नुसती वाट दाखव. ओझ्याला हात लावलास, तर तिथूनच आईला फोन करीन.

तुझी बहीण, डिकी