सहा हंगाम वावरात

६ सप्टेंबर

सकाळी क्लबमधून देवेन सरांचा फोन. सातव्या हंगामाच्या जर्सीचं अनावरण पुण्यात आहे. त्या दिवशी आधीच्या सहाही जर्सी भिंतीवर लावायच्या, क्लबचं चिन्ह कसकसं बदलत आलं ते दाखवायचं. गोदामात म्हणे काहीच धड उरलेलं नाही. मी लगेच तोंड उघडून बसले, "माझ्याकडे आहेत की सगळ्या!" खोटं नव्हतं. दरवर्षीचा नमुना मी गावी आणून ठेवते. गावात बसून फुटबॉल क्लबच्या जर्सींचं डिझाइन करणारी मी एकटीच, अधूनमधून आपली गरज दाखवावी लागते.

संध्याकाळी कपाट उघडलं. रिकामं.

आई म्हणाली, "त्या वावरात हायेत. बायाइले देल्ल्या म्या. पडून पडून काय कामाच्या व्हत्या?"

७ सप्टें.

वावरात गेले. कपाशीत निंदण चालू, तण माजलंय. साडीवर पुरुषी शर्ट घालायची आपल्याकडे रीतच आहे, ऊन लागत नाही, हात खरचटत नाहीत. सहा बायका, सहा हंगाम! मंदाबाईच्या अंगात पहिली: गर्द हिरवी, पांढरी कॉलर, छातीवर पंख पसरलेली घार, भोवती दोराचं वर्तुळ. दुसरीत दोर गेला. तिसरीत पट्टे आले आणि घारीच्या पायात चेंडू. चौथीत नवा प्रायोजक, त्याचं नाव एवढं मोठं की घार बिचारी खांद्यावर सरकली. पाचवीत एकच पंख. सहावी जांभळी, ती शांताकाकूंच्या अंगात. (सातवीत मी नुसती चोच ठेवली आहे. सुटसुटीत हवं, असं वरून सांगणं होतं.)

आधी पोटभर हसले. मग शर्ट परत मागितले. कशाला, असं एकीनेही विचारलं नाही. बांधाआड जाऊन काढून आणले. शांताकाकूंनी मला कडेवर वाढवलंय. त्या म्हणाल्या, "घामाचा वास येईन वं मिने. धुऊन देतो." म्हटलं राहू द्या.

उरलेला दिवस त्यांनी तसंच उन्हात निंदलं. आधी धाड गावच्या बाजारातून दुसरे शर्ट आणून द्यायचे, मग हे मागायचे, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. लाज वाटली, पण थोडीच. कामाच्या घाईत विसरूनही गेले.

१० सप्टें.

घात झाला.

सातवी जर्सी, जी अनावरणापर्यंत कुणाच्या नजरेस पडायची नाही, ती मी उजेडात रंग बघायला खिडकीत टांगली होती. काल आईने ती शांताकाकूंना देऊन टाकली. "हात सोलून निघाले तिचे. तू तं तिच्या अंगातला काढून आनला. मंग म्या हा देल्ला." आईचं काय चुकलं? काही नाही.

काकू निंदताना गाणं म्हणत होत्या, त्याचं मंदाबाईच्या सुनेने रील टाकलं. क्लबच्या चाहत्यांची नजर मोठी तिखट, गाणं राहिलं बाजूला, छातीवरची चोच हेरली. आज दुपारपर्यंत सगळीकडे तेच. "ही चोच आहे का विळा?" "घार कुठे गेली, भाजून खाल्ली का?" माझ्या तीन महिन्यांच्या कामाचा असा उद्धार.

संध्याकाळी दे. सरांचा फोन. मी मागच्या अंगणात, गोठ्याजवळ. "हे बाहेर गेलं कसं?" आवाज चढलेला. आणि माझ्या तोंडून निघालं, "चोरीला गेली सर. शेतावर कामाला एक बाई येते..."

वाक्य अर्धंच राहिलं. पुढचं त्यांनीच समजून घेतलं.

११ सप्टें.

क्लबच्या पानावर जाहीर: नमुना कर्मचाऱ्याच्या घरातून चोरीला गेला, शेतमजूर महिलेवर संशय. नाव नाही. पण रीलमध्ये काकूंचा चेहरा आहे, हसरा. गावात सगळ्यांच्या हातात फोन.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. दिवसभर खोलीबाहेर पडले नाही. डोकं दुखतंय असं आईला सांगितलं. आणखी एक खोटं.

१२ सप्टें.

काकू आल्या. जर्सी धुतलेली, घडी केलेली. उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"हे घ्या ताई."

ताई! मी मिनी आहे त्यांची. मिनी, मिने, मिनाबाय, राग आला तर "ए टवळे". ताई कधीच नव्हते. चहाला थांबा म्हटलं. नको म्हणाल्या. मी हात पुढे करून जर्सी घेतली. घेतली! तिथेच पायरीवर बसून रडायला हवं होतं, मी ती आत नेऊन पिशवीत ठेवली.

आईने तोवर मंदाबाईकडून ऐकलं होतं. "म्याच देल्ला व्हता ना वं! माह्यं नाव सांगाचं. मायनं देल्ला म्हनाचं. मायले काय फाशी देल्ली असती काय?" मग बोलणं बंद. ताट वाढते, पाणी ठेवते, तेवढंच.

१५ सप्टें.

मंदाबाई आल्या होत्या. वरच्या मळ्यात मिरची तोडायला सगळ्यांना सांगावा आला, काकूंना नाही. "घरात जानं-येनं राह्यते, म्हने. कोन जोखीम घेईन?" त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

दे. सरांना लिहिलं: चोरी झाली नव्हती. पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं. नोकरी जाईल. जाऊ दे की मग! असं लिहिते आहे, पण अंगठा हलत नाही. जनाची नाही तर मनाची तरी, म्हणतात. माझी कुठली शिल्लक आहे, कोण जाणे.

१८ सप्टें. पुणे

अनावरण झालं. दिवे, ढोल, खेळाडू, टाळ्या. चोचीची थट्टा करणारेच तिच्याबरोबर फोटो काढत होते.

गर्दी मात्र पहिल्या जर्सीपाशी. खांद्यांचा रंग उडालेला, कॉलर पिवळट, घारीचा दोर विरलेला. एक मुलगी म्हणाली, "किती छान जुनी दिसतेय! कशी केली?" मी म्हटलं, "उन्हात ठेवली होती." सगळे हसले. मीसुद्धा. कुणाच्या पाठीवर ठेवली होती ते सांगितलं नाही.

शेवटी दे. सरांना बाजूला घेतलं. सांगितलं. आईने दिली होती, मी घाबरून खोटं बोलले. त्यांनी फोनमधून मान वर केली. "आता कशाला? विषय मिटलाय. उलट चर्चा झाली, फायदाच झाला. पुन्हा उकरू नकोस."

म्हणजे नोकरी राहिली. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हायसं. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. काकूंची आठवण त्यानंतर आली. या गोष्टीची जेवढी लाज वाटते तेवढी खोटं बोलल्याचीही वाटत नाही.

२१ सप्टें.

गावी. आईने काकूंना आपल्या वावरात कामाला बोलावलंच आहे, लोक काहीही म्हणोत. जेवणाच्या सुट्टीत त्यांना निंबाखाली बाजूला घेतलं. "काकू, मी खोटं बोलले. तुमच्यावर आळ..."

"आयकलं म्या."

"काय?"

"तू फोनवर बोलून राह्यली तवा मी गोठ्यातच व्हती. शेन काढून राह्यली व्हती. वाटलं, आता म्हनशीन, थांबा, चुकलं माह्यं. आता म्हनशीन. तू तं फोनच ठेवला."

मी पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

"मले काय सांगतं? मले तं माहीत हाये. गावाले सांग."

डबा झाकला आणि ओळीत जाऊन बसल्या. हात उघडेच होते.

२३ सप्टें.

काल देवी बसली. सातच्या आरतीला अख्खं गाव असतं. आरतीनंतर मंडळाची पोरं माईकवर सूचना देतात, कुणाची बकरी हरवली, कुणाकडून प्रसाद. कुणीही बोलू शकतं.

क्लबच्या पानावर लिहायचं तर नोकरी जाईल. माईकवर बोलायचं तर घराची अब्रू... मंदाबाईच्या सुनेचा फोन चालू असणारच, म्हणजे दोन्ही एकदमच. वरचे मळेवालेही येतात. काकू कालपासून आलेल्या नाहीत, आरतीलाही दिसल्या नाहीत.

काय बोलायचं ते लिहून काढावं म्हणून बसले. चार ओळी झाल्या. चारही ओळींत "घाबरून" हा शब्द आला. तो खोडते आहे.

माईकची खरखर सुरू झाली. आई चपला घालून दारात उभी. त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"चाल. म्याबी उभी राह्यतो तुह्याजवळ."

मी अजून लिहितेच आहे. ती अजून उभीच आहे.