रुखमिणीचे दही आणि मोहल्ल्याचा गंज

मी, सुमनबाई परसराम टेंभुर्णे, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, राहणार मौजा बेलटोला, सानगडीजवळ, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. मी सांगते आहे आणि नात प्रतिक्षा लिहिते आहे. तिने माझे एकही वाक्य गोड करू नये.

१. राहते घर मुलगा अतुल यास. मागची भिंत पाडून तिथे गाडी ठेवायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. खुशाल पाडावी, चिंचेला हात लावू नये.

२. सोन्याची पोत सून रश्मी हिला. तिने माझे कधी ऐकले नाही, पण आजारपणात मला एकटे सोडले नाही.

३. आता मुख्य गोष्ट. मोहल्ल्याचा पितळी गंज, दोनशे पानांची कढी शिजेल एवढा. आम्ही दीक्षा घेतली तेव्हा गावाने लग्नाची भांडी आम्हाला देणे बंद केले. मग घरोघरचे फुटके पितळ गोळा करून मोहल्ल्याने भंडाऱ्याहून हा गंज घडवून आणला आणि त्यावर नाव कोरले: बौद्ध मोहल्ला, १९५७. तो पुढे कुठे जावा हे ठरवायचे काम मोहल्ल्याच्या बैठकीने माझ्यावर सोपवले आहे. गावाच्या नव्या सभागृहाला द्यावा, सगळ्यांनी वापरावा, असे माझ्या मनात आहे. नाव मात्र घासायचे नाही.

४. परंतु अट आहे. १९८४ साली वासुदेवराव लांजेवार यांच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड दुप्पट आले. गावची भांडी पुरेनात, म्हणून त्यांनी हाच गंज मागून नेला. झारा राहिला म्हणून मी द्यायला गेले, तर परसात गोवऱ्यांच्या जाळावर गंज पालथा घातलेला. "तू कायले आली वं? शुद्ध करून राहिलो," ते म्हणाले. त्या जाळाने आतली कल्हई गेली. उघड्या पितळेत कढी कळकली आणि वऱ्हाड पानावरून उठले. वासुदेवरावांनी भर मांडवात दोष दिला तो दही घालणाऱ्या रुखमिणीला.

"माह्या दह्यात खोट नव्हती वं, सुमनबाई," ती रडत मला म्हणाली. त्यानंतर गावाने तिच्याकडून लग्नाचे दही कधी घेतले नाही. मला खरे ठाऊक होते. माझा नवरा लांजेवारांच्याच शेतावर कामाला होता, म्हणून मी गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

५. म्हणून वासुदेवरावांनी या कागदावर साक्षीदार म्हणून सही करावी आणि खरे काय ते स्वतःच्या हाताने लिहावे. मी मेल्यावर नाही, आत्ताच, रुखमिणीला ऐकू येते तोवर. न लिहिल्यास गंज माझ्या माहेरी, कोंढ्याच्या विहारात जाईल. मग गावाने कढी बादलीत शिजवावी.

६. माझ्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मी गेल्यावरच्या जेवणाला, याच गंजात कढी करावी आणि सगळ्या गावाने एका पंगतीत जेवावे. आधी कल्हई करून घ्यावी. दही रुखमिणीच्या घरचे.

ठिकाण: बेलटोला
दिनांक: ११ फेब्रुवारी २००९

सही: सुमनबाई परसराम टेंभुर्णे

साक्षीदार:
१. रुखमिणी तुलाराम नेवारे, डाव्या हाताचा अंगठा.
२. वासुदेवराव लांजेवार. जाळ मीच लावला होता. दही चांगले होते.