माशांचं माहेर

साईदादा,

हे पत्र तुला पाठवायचा धीर होईलसं वाटत नाही, तरी लिहिते.

आठवा महिना लागलाय म्हणून आई नको म्हणत होती, तरी काल बांधावर गेले. अप्पा दर पावसाळ्यात करायचे तसे बांधातले धोंडे बाजूला केले. अंड्यांनी भरलेले मासे ओढ्यातून आपल्या तळ्याकडे चढू लागले. गढूळ पाण्यात त्यांची पोटं माझ्या पायांना घासून जात होती. मला झोपेत चालल्यासारखं वाटत होतं.

आपण जाळं घेऊन धावायचो तेव्हा अप्पा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे रं. बाळंतपणाला म्हायेरी आल्यात त्या. लव्हाळ्यात अंडी घालतील, मग पिल्लं आपसूक खाली उतरतील." आणि गणपतीनंतर ओढ्यात खरंच मासेच मासे असायचे.

तू शेलूहून फोन करून म्हणतोस, तळं बुजवून प्लॉट पाडू, तेवढी सही कर.

आज दुपारी डोळा लागला, तर तळ्याच्या कडेने भिंत उभी होती. मासे तिला पोटं टेकून वाट शोधत होते. मग एकेक करून मागे फिरले. सगळ्यांच्या मागे मी होते, हातात बॅग घेऊन.

अजून सही न केलेली
तुझी अक्षदा