ठणठणीत

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकली असशील. तुम्ही सगळे मजेत असणारच. भाऊजींचा गुडघा, लेकीचा निकाल, नवा सोफा, सगळं तू जगाला दाखवतेसच. मी वेगळं काय विचारू? इकडे दातांच्या लॅबमध्ये कवळ्यांचं काम रग्गड आहे. मालकांनी नवी भट्टी घेतलीय, तिच्या धगीनं दुपारी जीव नकोसा होतो.

पत्र लिहितेय, कारण फोनवर बोलणारी तूच आहेस यावर माझा आता विश्वास उरलेला नाही.

आई गेल्यावर घर विकण्यावरून आपलं वाजलं आणि बोलणं तुटलं. मग या जूनमध्ये तुझ्या खात्यावरून मेसेज आला, "चिमणे, राग गेला का गं?" मी लॅबच्या जिन्यात बसून रडले. त्यानंतर रोज मेसेजवर बोलणं. जेवलीस का, पाठ दुखते का, मालक अजून खेकसतो का. तू इतकी मायाळू कधीपासून झालीस, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण माणूस आसुसलेलं असलं की अशा शंका काढत नाही.

मला चिमणी म्हणतात हे तुझं खातं चोरणाऱ्याला कुणी सांगितलं? तूच. आपल्या लहानपणच्या फोटोखाली लिहून ठेवलं होतंस. फोटो कुणालाही दिसत होता.

खरं काय ते मला तुझ्याकडून नाही, लॅबमधल्या पॉलिशवाल्या बाईंकडून कळलं. त्या तुझ्या बागवाल्या ग्रुपमध्ये आहेत. तुझं खातं मे महिन्यातच चोरीला गेलं होतं. पासवर्ड म्हणजे कुत्र्याचं नाव होतं, हे तू तिथं हसत हसत लिहिलंस. जुनं खातं बंद करायची खटपटसुद्धा केली नाहीस, सरळ नवं उघडलंस आणि ग्रुपला बजावलंस, "जुन्या खात्यावरून कुणी बोललं तर उत्तर देऊ नका." हजारो अनोळखी लोकांना सावध केलंस, ताई. सख्ख्या बहिणीला एक फोन करवला नाही तुला. भांडण होतं, मान्य. घराला आग लागली तर माणूस भांडलेल्या शेजाऱ्यालाही हाक मारतं.

पण हे मला कळायच्या आधीच 'तू' म्हणाली होतीस, "तुझ्या फोनवर आकडे येतील, तेवढे सांग." मी सांगितले. माझंही खातं गेलं. पोलिसांत तक्रार द्यायला गेले तर टेबलामागचा माणूस म्हणाला, "आकडे तुम्हीच दिलेत ना?" खाती चालवणाऱ्या कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, या खात्यात नियमाविरुद्ध काही आढळलं नाही.

मग दोन्ही खात्यांवरून माझा फोटो टाकून मदतीची हाक फिरली. छातीत गाठ निघालीय, ऑपरेशन आहे, जमेल तेवढे पैसे पाठवा. सगळ्या लॅबनं वाचलं. मालकांनी आत बोलावलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "किती दिवस सुट्टी लागेल?"

आणि तू काय केलंस? तुझ्या नव्या खात्यावरून जाहीर केलंस, "हे साफ खोटं आहे. माझी बहीण ठणठणीत आहे." खाली लोकांचे जोडलेले हात, "हायसं वाटलं" असे शेरे. मला न विचारता तू मला ठणठणीत करून टाकलंस.

पैसे मागणं खोटं होतं, ताई. गाठ खोटी नाही.

गाठीचा मजकूर त्या चोरानं रचलेलाच नव्हता. शब्द माझे होते, मी तुला म्हणून लिहिलेले. दुसऱ्या कुणाला मी सांगितलंच नव्हतं. आणि मला सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो, सांगू? ते वाचून त्यानं विचारलं होतं, "चिमणे, भीती वाटते का?" मी हो म्हटलं, आणि त्या दिवशी मला शांत झोप लागली. जे तू विचारायला हवं होतंस, ते एका चोरानं विचारलं.

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन आहे. फोन करू नकोस, मेसेज तर मुळीच नको. यायचं असलं तर समोर येऊन उभी राहा. आणि आलीस तर माझा फोटो काढू नकोस, माझ्याबद्दल कुठे एक ओळही लिहू नकोस. येऊन बस, एवढंच.

अजूनही चिडलेली,
तुझी धाकटी